एक एकर ऊन

महाराष्ट्रातल्या एक एकर उघड्या रानावर वर्षभरात जे ऊन पडतं, त्यात सुमारे पाऊण कोटी युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचं तेच. एवढं घबाड दारात येऊन पडत असताना त्यातलं कोण किती उचलतं, याचा हिशेब आपण फारसा मांडत नाही. उचलणारे मुख्यतः दोन: झाडाचं पान आणि माणसाचं यंत्र.

पान या धंद्यात फार जुनं. झाड हवा ‘सुधारतं’ ते फक्त उजेडात, आणि तेही हिरव्या भागानेच, हे यान इंगनहाउस या डच वैद्याने १७७९ मध्ये दाखवून दिलं. पुढचा उलगडा व्हायला पावणेदोनशे वर्षं गेली. उजेडाच्या जोरावर पान पाण्याचा रेणू फोडतं आणि त्यातला ऑक्सिजन बाहेर टाकतं. हाती आलेली ऊर्जा वापरून ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर घडवतं. ही साखर नेमकी कोणकोणत्या पायऱ्यांनी घडते, ते मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढत शोधलं. कॅल्विन यांना त्यासाठी १९६१ चं नोबेल मिळालं.

एवढा नाजूक कारखाना, पण उतारा पाहिला तर निराशा होते. उन्हातली निम्म्याहून अधिक ऊर्जा पानाच्या कामाचीच नसते, कारण ती हरितद्रव्याला न पकडता येणाऱ्या अवरक्त किरणांत असते. उरलेल्यात मोठी खोट येते ती रुबिस्को या विकरामुळे. कार्बन डायऑक्साइड धरणं हे त्याचं काम. पण ते मुळात संथ, आणि वर गोंधळी. कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच धरून बसतं, आणि मग झाडाला ती चूक निस्तरायला ऊर्जा खर्चावी लागते. ऊन जितकं कडक, तितका हा घोळ जास्त. भात आणि गहू तो मुकाट सोसतात. ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका यांनी मात्र तोड काढली आहे. कार्बन डायऑक्साइड आधी वेगळ्या पेशींत धरायचा आणि मग रुबिस्कोच्या आसपास दाटीवाटीने कोंबायचा, म्हणजे चुकायला वावच राहत नाही. हॅच आणि स्लॅक या जोडीने ऑस्ट्रेलियात १९६६ मध्ये ही रीत स्पष्ट मांडली, ती उसाच्या पानांवर काम करूनच. एवढी हुशारी असूनही उसाची कमाल मर्यादा कागदावर सहा टक्क्यांच्या आसपास, भात-गव्हाची साडेचार. प्रत्यक्ष शेतात वर्षाकाठी एक टक्का हाती लागला तरी पीक चांगलं म्हणायचं.

तरी मानवाची यंत्रं चालली ती बहुतांशी या एक टक्क्यावरच. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र ज्या गोंडवनी कोळशावर धगधगतं, तो पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या ग्लॉसोप्टेरिस जातीच्या झाडांचा गाळ आहे. म्हणजे तिथे जळतं ते तेव्हाचं ऊन. कोयनेची वीजही उन्हाचीच. समुद्राचं पाणी वाफ करून सह्याद्रीवर चढवण्याचं काम सूर्य फुकटात करतो, आपण ते फक्त उतरताना पकडतो.

ऊन थेट यंत्राला जुंपण्याचा एक लक्षणीय प्रयोग आपल्या मुंबईतच झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात साधे सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून त्यांचा झोत बॉयलरवर धरला. सूर्य सरकेल तसे आरसे सरकवायचे. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचं इंजिन चाललं. उष्ण देशांत इंधनाऐवजी ऊन वापरावं, असा आग्रह धरणारं त्याचं पुस्तक १८७८ मध्ये मुंबईतच छापलं गेलं. पुढे काही झालं नाही, कोळसाच भारी ठरला. सूर्य एका जागी उभा राहत नाही ही ॲडम्सची खरी अडचण. पुढे शिर्डीच्या प्रसादालयावर स्वयंपाकासाठी वाफ करायला आरशांच्या ७३ डिश बसवल्या, त्याही सूर्याच्या मागे फिरणाऱ्याच.

विजेची वाट वेगळी. उजेडाने विद्युतप्रवाह निर्माण होतो हे एडमंड बेकरेल या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये पाहिलं. चार्ल्स फ्रिट्सने १८८३ मध्ये सेलेनियमचा सौरघट केला. त्याचा उतारा जेमतेम एक टक्का, म्हणजे पानाइतकाच! खरी उडी १९५४ ची. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सहा टक्क्यांचा घट करून दाखवला. किंमत इतकी की पहिलं मोठं गिऱ्हाईक अवकाशातच मिळालं: १९५८ चा व्हॅनगार्ड-१ उपग्रह. आज छपरावरचं साधं पॅनल वीस टक्क्यांच्या वर देतं. एकाच पदार्थाच्या एकेरी घटाला फार तर तेहतीसच्या आसपासची भिंत आहे, अशी भिंत असते हे शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्येच दाखवून ठेवलं. तीही सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा थर चढवलेल्या दुहेरी घटांनी प्रयोगशाळेत ओलांडली आहे. गंमत म्हणजे पॅनललाही विदर्भाचा मे महिना मानवत नाही. पंचवीस अंशांच्या वर घट जितका तापेल, तितकी दर अंशाला सुमारे तीन ते चार दशांश टक्के वीज घटते.

भारतात ऊन कुठे, किती पडतं याची शिस्तशीर नोंद झाली ती अॅना मणी यांच्यामुळे. त्या १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत आल्या आणि उन्हाची मोजमाप-उपकरणं इथेच बनवण्यावर अडून बसल्या. १९८० च्या सुमाराची त्यांची सौर प्रारणाची आकडेवारी नंतरच्या अभियंत्यांना पायाभूत ठरली. त्यांचं नाव सौरऊर्जेच्या जाहिरातींत कधी दिसत नाही.

आता त्या एका एकराकडे परत येऊ. त्यात ऊस लावला आणि चाळीस टन निघाला. रसापासून थेट इथेनॉल केलं तर टनाला सत्तर लिटरप्रमाणे २,८०० लिटर, म्हणजे साडेसोळा हजार युनिटच्या आसपास ऊर्जा. त्याच एकरात पॅनल लावली, मधल्या वाटा आणि सावलीची अंतरं सोडली, तरी वर्षाला साडेतीन लाख युनिट वीज निघते. वीसपट! इथेनॉल इंजिनात जाळताना आणखी निम्म्याहून अधिक वाया जातं, ते वेगळंच. आणि उसाच्या एकराला ऐंशी लाख लिटर पाणी लागतं. पॅनलला लागतं धूळ धुण्यापुरतं. चिपाडाची वीज उसाच्या बाजूने धरली तरी ही दरी काही बुजत नाही.

पानाची बाजू घेणारा म्हणेल, पॅनल संध्याकाळी सहाला मान टाकतं. खरं आहे. साठवण ही पानाची करामत आहे. ज्वारी कणगीत वर्षभर टिकते, वीज टिकत नाही. शिवाय पान स्वतःच उगवतं, स्वतःची दुरुस्ती करतं, त्याला वाळू वितळवणारी भट्टी लागत नाही. विजेच्या साठवणीसाठी बॅटऱ्या आहेत, घाटघरसारखे पाणी वर चढवून ठेवणारे प्रकल्प आहेत. घाटघरची क्षमता २५० मेगावॅट. देशाची सौरक्षमता २०२५ च्या जानेवारीतच एक लाख मेगावॅटपलीकडे गेली. साठवणीत आपण किती मागे आहोत ते यावरून कळावं.

शेतकऱ्याला मात्र वीज रात्री साठवून नकोच आहे, त्याला ती दिवसा हवी. रात्रीची लाईट आली की विंचूकाट्यात, बिबट्याच्या धाकात दारं धरायला जायचं, हे दुखणं दिवसा चालणाऱ्या सौरपंपाने थेट जातं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनांचं मोल त्यातच आहे. धोका एवढाच की ऊन फुकट असल्यामुळे मोटर बंद करायला कारण उरत नाही, आणि विहीर उन्हासारखी रोज भरत नाही. ठिबकची सक्ती नसलेला सौरपंप दुष्काळी तालुक्यात देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथेनॉलचंही तसंच. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठल्याचा उत्सव झाला. मळीपासून, सडक्या धान्यापासून इथेनॉल करावं, त्याला कोणाची हरकत? पण टाकीत ओतण्यासाठी मुद्दाम नवा ऊस लावणं हा ऊन आणि पाणी या दोन्हींचा तोट्याचा सौदा आहे. पानाकडून अन्न घ्यावं, वीज पॅनलकडून. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतो, तिथे तरी कारखान्यांनी आणि सरकारने हा हिशेब पुढच्या लागवडीआधी करावा.