विचित्र वेष आणि नवा वेष

नव्या मुंबईंतील खारघर येथें राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचें एक केंद्र आहे. इ. स. १९८६ मध्यें दिल्लीस स्थापन झालेल्या या संस्थेला २००६ च्या कायद्यानें स्वतः पदवी देण्याचा अधिकार मिळाला. वेष रचणें हा आतां पदवीचा विषय झाला आहे. मुलगी तेथें जाण्याचा हट्ट धरते, तेव्हां घरांतील वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें मात्र परदेशी प्रदर्शनांतील चित्रें उभीं राहतात: कोठें खांद्यांहून रुंद टोपी, कोठें अंग कोठें आहे हेंच कळूं न देणारा झगा. यासाठीं मुलीचीं चार वर्षें आणि बापाचे लक्षावधि रुपये खर्ची घालावेत काय? ही नवनिर्मिति आहे, कीं नुसतें ढोंग?

श्रोत्यांनीं एक गोष्ट प्रथम ध्यानीं घ्यावी. विचित्र दिसणें हा गुणहि नव्हे आणि दोषहि नव्हे. नऊवारी मागें पडून पांचवारी घरोघर आली, तेव्हां तीहि जुन्या डोळ्यांना खटकलीच होती. पुढें शिंप्यांनीं नऊवारी बेतून, शिवून, झटकन् अंगावर चढवितां येईल अशी केली. ‘ही कसली नऊवारी!’ म्हणून आजीबाईंनीं नाकें मुरडलीं. परंतु गुढीपाडव्याच्या शोभायात्रेंत आज तीच घालून मुली मोटारसायकल चालवितात. नेसण्याची कला ज्यांना अवगत नव्हती, त्यांची अडचण या शिवणीनें दूर केली.

जपानी वेषकार इस्से मियाके (१९३८–२०२२) यांची गोष्ट याच जातीची आहे. प्रथम कापडास चुण्या पाडावयाच्या आणि मग तें बेतावयाचें, अशी जुनी रीत. मियाके यांनीं क्रम उलटा केला. वस्त्र हव्या त्या मापाच्या अडीच-तीन पट मोठें शिवून घ्यावयाचें आणि मग कागदांच्या मध्यें ठेवून तापलेल्या दाबयंत्रांतून काढावयाचें. त्यायोगें तें आकसून मापाचें होतें, आणि कापड पॉलिएस्टरचें असल्यामुळें चुण्या धुतल्यावरहि टिकतात. १९९३ पासून बाजारांत आलेलीं हीं वस्त्रें हलकीं असतात, गुंडाळून ठेवतां येतात, आणि त्यांना इस्त्री लागत नाहीं. येथें विचित्रपणाच्या मागें कारण आहे.

रेई कावाकुबो या जपानी बाईंचें प्रकरण अधिक अवघड आहे. १९९७ च्या वसंत ऋतूसाठीं केलेल्या वस्त्रांत त्यांनीं पाठीवर, कमरेवर भर घालून मोठमोठीं टेंगळें आणलीं. तीं घालून कोणी बाजारास जाणार नाहीं. परंतु वस्त्रानें शरीराचाच आकार कां दाखवावा, हा त्यांचा प्रश्न खरा होता. आणि त्याच कल्पनेचे पोषाख मर्स कनिंगहॅम यांच्या नर्तकांनीं चढविले, तेव्हां नृत्यांतील हालचालच निराळी दिसूं लागली. प्रयोगशाळेंतील प्रत्येक प्रयोग लगेच संसाराच्या उपयोगीं पडावा, असा हट्ट शास्त्रज्ञापाशीं कोणी धरीत नाहीं. तोच न्याय येथें लावावा.

मग ढोंग कोठें आहे? २०२२ मध्यें बालेन्सियागा या पॅरिसच्या पेढीनें कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी चामड्याची पिशवी सुमारें १,७९० डॉलरांस विक्रीस काढली. तिचा आकार जुना, उपयोग जुना. नवी होती ती केवळ किंमत. ती थट्टा होती असें म्हटलें, तरी थट्टेचे पैसे ग्राहकानेंच भरावयाचे!

तेव्हां कसोटी साधी आहे. वेषकाराचें नांव आणि त्यानें जोडलेलें तत्त्वज्ञान बाजूस ठेवावें, वस्त्र उलटें करावें, आणि शिंप्याच्या दृष्टीनें पाहावें. बेत, शिवण, वीण यांत दुसऱ्यास शिकण्याजोगें कांहीं आढळलें, तर ती नवनिर्मिति. नुसतें भाष्यच हातीं उरलें, तर दंभ. मुंबईंत काम करणाऱ्या वैशाली शडांगुळे यांनीं २०२१ मध्यें पॅरिसच्या उच्च वेषकला सप्ताहांत आपल्याकडील हातमागाच्या कापडाचीं वस्त्रें मांडलीं. हातमागाचें उंची कापड साडीपुरतेंच, ही समजूत अशा कामानें मोडते. आणि तसें कापड नव्या आकारांत खपूं लागलें, तर मागावर बसलेल्या विणकरासहि काम मिळतें.

खारघरहून सुटीला घरीं आलेल्या मुलीस ‘असलें कोण घालणार?’ असें विचारून गप्प करूं नये. ‘हें असें कां बेतलेंस?’ असें विचारावें. त्याचें उत्तर तिला कापडांतच दाखवितां आलें, तर फी वाया गेली नाहीं असें खुशाल समजावें.