कामठीची हमाल, नागपूरची मुख्याध्यापिका

गोंदियाहून नागपूरची गाडी धरली की तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड मागे पडतात, कन्हानचा पूल लागतो आणि कामठी येते. नागपुरात उतरायच्या घाईत या स्टेशनकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथेच एक महार मुलगी प्रवाशांची ओझी वाहत असे. जाईबाई चौधरी.

जन्म १८९२, उमरेडचा. दुष्काळाने कुटुंब नागपूरला आलं, नवव्या वर्षी बापूजी चौधरींशी लग्न झालं, आणि घर चालवायला हमाली आली. मिस ग्रेगरी या मिशनरी बाईंनी तिला लिहा-वाचायला शिकवलं आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिका नेमलं. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालक बिथरले. नोकरी गेली. पुन्हा डोक्यावर ओझं.

दुसरी एखादी इथेच खचली असती. जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात मुलींची शाळाच काढली, संत चोखामेळ्याच्या नावाची. विठोबाच्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्या संताचं नाव मुलींच्या शाळेला, ही निवड भाबडी खासच नव्हती! किसन फागूजी बनसोडे यांच्यासारख्या दलित सुधारकांनी नागपुरात या कामाची जमीन आधी नांगरली होती. जाईबाईंनी तीत आयुष्य घातलं.

पण त्यांची खरी ओळख पटते ती एका पंगतीत. डिसेंबर १९३७, अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. देशभरातल्या शिकल्यासवरल्या, सुधारक घरांतल्या बायका जमलेल्या. स्त्रीशिक्षणाचं काम पंधरा वर्षं हाताने करणाऱ्या जाईबाईही तिथे होत्या. जेवायची वेळ झाली तेव्हा त्यांचं पान वेगळं मांडलं गेलं. ठराव भगिनीभावाचे आणि पंगत जातीची! चार रुपयांच्या नोकरीवर उठलेले पालक निदान सुधारक म्हणवून घेत नव्हते.

हा अपमान गिळला गेला नाही. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी मोठी सभा भरवून जाहीर निषेध केला. साडेचार वर्षांनी, २० जुलै १९४२ला, याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची स्वतःची अखिल भारतीय परिषद भरली. तिने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला. या दोन सभांमधला धागा महिला चळवळीच्या रूढ इतिहासात क्वचितच दिसतो.

हे सगळं आज आपल्या हाती आहे ते मुख्यतः ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्यामुळे. गावोगावच्या म्हाताऱ्या कार्यकर्त्या शोधून त्यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढलं, तेव्हा सांगणाऱ्या बायका हयात होत्या. आता त्यांतल्या बहुतेक नाहीत. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या कुणाच्या घरी नागपुरात शिकलेल्या आजीचा शाळेचा दाखला, वही किंवा सभेचं पत्रक असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका.