आधी चिमटा, मग गादी

"सर, नुसतं बसा. गाडी चालवायचीय असं समजून बसा."

एवढं सांगून मिस्त्री चार पावलं मागे सरतो आणि गॅरेजच्या दारात उकिडवा बसतो. बुलेट मधल्या स्टँडवर उभी आहे. सर पाय टाकून बसतात, दोन्ही हात हँडलवर जातात आणि पाठ आपोआप वाकते. हँडल म्हणजे जवळजवळ सरळ नळीच आहे, आधीच्या मालकानं हौसेनं बसवलेली.

"आता हात सोडा."

सर हात सोडतात आणि पुढे झुकतात. टाकीवर तळवा टेकवून सावरतात.

"झालं. अंगाचा भार मनगटावर हाय. मुंग्या येणार न्हाईत तर काय?"

कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर. आजूबाजूला लेथ चालू आहेत, कुणीतरी ग्राइंडर लावलाय, बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागतं. सर हायस्कुलातून निवृत्त झालेत, साठी ओलांडलीय, कंबर अधूनमधून धरते. गाडी १९९०च्या दशकातली, ३५०ची, लोखंडी सिलिंडरची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. ही इंजिनं २०१०च्या सुमारास बनायची थांबली, पण १९५५ साली मद्रासला सुरू झालेल्या या गाडीचा मूळ सांगाडा इतकी वर्षं फारसा बदलला नाही, त्यामुळे एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीला बऱ्याचदा बसतो. सरांनी ती इचलकरंजीहून आणलीय. पंधरा वर्षांनंतरचं, दर पाच वर्षांनी करावं लागणारं नूतनीकरण झालंय, कागद चोख आहेत. गाडीबरोबर एक भली मोठी पिशवीही आलीय: जेलचं सीट कव्हर, पाठीचा टेका, मोबाइलचा स्टँड, पांढऱ्याफटक उजेडाचा दिवा. सगळं ऑनलाइन मागवलेलं. मिस्त्री पिशवीत डोकावतो आणि ती खिळ्याला अडकवून टाकतो.

"हे ऱ्हाऊ दे. आधी गाडी सरळ चालू दे."

मला तर सीट कशी होते ते बघायचंय. पण सीटचं नावही कुणी काढत नाही.

मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा, बारक्या, गाडीवर मागून भार देतो, पुढचं चाक उचललं जातं. मिस्त्री हँडलला एका बोटानं ढकलतो. ते सावकाश वळतं आणि बरोब्बर मधोमध येऊन अडतं. पुन्हा ढकलतो, पुन्हा तिथंच अडतं. कोनसेट गेलाय. गाडी आयुष्यभर बहुतांश सरळच जाते, त्यामुळे बेअरिंगच्या गोळ्या त्याच जागी आदळून वाट्यांना खळगे पाडतात. मग हँडल खळग्यातून खळग्यात उडी मारतं आणि चालवणारा नकळत दिवसभर त्याच्याशी झगडतो. खांदे दुखतात, दोष सीटला दिला जातो.

आता मागचं चाक. मिस्त्री ते दोन्ही हातांनी धरून आडवं हलवतो. टक. टक. आवाज अगदी बारीक आहे, पण लेथच्या गोंगाटातही त्याला तो ऐकू येतो.

"चिमट्याचा बुश. वळणावर गाडी मागनं डुलती का न्हाई, सर?"

"डुलते. मला वाटलं वाऱ्यानं."

चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा, ज्याच्या जोरावर शॉकअब्सॉर्बर वरखाली होतात. त्याचा बुश झिजला की चाकाला स्वतःचं मत फुटतं. चिमटा उतरवला जातो आणि आम्ही तो घेऊन दोन गाळे सोडून लेथवर जातो. टर्नर व्हर्नियर लावतो, माप खडूनं लेथच्या पत्र्यावरच लिहितो आणि गनमेटलचा तुकडा चकात धरतो. पिवळी कात उडायला लागते. बुश जरा जाडच ठेवायचा, दाबून बसवायचा आणि मग आतून रीमर फिरवून पिनेच्या मापाला आणायचा. आधीच अचूक केला, तर दाबताना तो आवळतो आणि पिन जात नाही. शेवटी टर्नर तेलाचं बोट लावून पिन घालतो. ती स्वतःच्या वजनानं हळूहळू आत सरकते. टर्नर वर बघतही नाही, पैसे किती ते बोटांनी सांगतो.

दुपारपर्यंत गाडीचा निम्मा सापळा उघडा पडलाय. टॅपेट, पॉइंट, प्लग, कार्बोरेटर ही कामं बारक्या उरकतो, त्यात बघण्यासारखं विशेष नाही. फटका मारणारा सायलेन्सर काढून साधा, मूळचा चढतो. खरं तर त्या ठोक्याठोक्याच्या आवाजानं डोकं जितकं थकतं तितकं खड्ड्यांनीही थकत नसेल, पण हे बुलेटवाल्यांच्या घोळक्यात बोलायची सोय नाही.

थरथरीबद्दल सर विचारतात तेव्हा मिस्त्री हसतो. एकच सिलिंडर, ७० मिलिमीटरचा पिस्टन, ९० मिलिमीटरची त्याची धाव आणि इंजिन चौकटीला थेट बोल्टांनी आवळलेलं. मध्ये रबर नाहीच.

"इंजिनची थरथर असली तर माफ. सैल बोल्टाची असली तर न्हाई." पाना फिरवत तो एकेक बोल्ट तपासतो. खालचा एक नुसताच फिरतो, आटेच गेलेत.

कोनसेट नवा बसतो, मग हँडल बदलतं. नवं हँडल थोडं उंच आणि टोकं मागे वळलेली, मूळच्या घडणीचं. आता क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल पुरत नाही. बारक्या तीच ओढूनताणून बसवायला बघतो, मिस्त्री त्याच्या हातातून काढून घेतो. लांब केबल येते, तीत तेल सोडलं जातं आणि ती मोठ्या वळणानं टाकीखालून नेली जाते, कारण केबल जिथं कोपऱ्यात मोडते तिथं क्लच जड होतो. मग गाडी चालू करून तो हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. इंजिनचा ठोका तसाच राहतो. वळवताना तो चढला असता, तर केबल अजून ताणलेली असती आणि घाटाच्या वळणावर गाडी आपणहून पळाली असती.

गिअरचं पॅडल दात्यांवरून काढून एक दाता खाली बसतं. सरांचा घोटा पुरता वर येत नाही, हे मिस्त्रीनं सकाळीच हेरलंय.

एवढं झाल्यावर सीट. सीटवाल्याकडे जायच्या आधी सर घरी फोन करतात आणि थोड्याच वेळात काकू रिक्षातून उतरतात, पंजाबी ड्रेसवर.

"एका अंगानं बसायचे दिवस गेले," त्या सांगून टाकतात. "आणि हे बघा मिस्त्री, मागे बसलं की पुढं घसरायला होतं. ह्यांच्या पाठीवर रेलूनच बसावं लागतं."

"वैनी, धरायला दांडीच न्हाई की! सारी गार्ड पन काढलाय. गाडी बारीक दिसावी म्हनून." आधीच्या मालकाची ही कामगिरी. मागे बसणाऱ्याला धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाला निम्म्यापर्यंत तरी आडोसा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. दांडी आणि सारी गार्ड परत लागतात.

सीटवाला रेक्झिन सोलून काढतो. आत मऊ फोम आहे, अंगठा दाबला की सरळ पत्र्याला लागतो.

"हे दुकानात लई छान वाटतंय. वीस किलोमीटरनं पत्र्यावर बसल्यागत हुतंय."

तो खाली घट्ट फोमचा थर लावतो, वर दोन बोटं नरम, मध्ये सोल्युशन. सीट पुढे उतरती होती, ती सपाट करतो. सरांना बसवतो, मांड्यांच्या कडेनं पेनानं रेघ मारतो आणि टाकीजवळचा भाग धार लावलेल्या हॅक्सॉ ब्लेडनं निमुळता कापतो. आता पाय जमिनीला पुरेपूर टेकतात. मग काकू बसतात. त्यांचे गुडघे फार वर येतात. फूटरेस्ट खाली घेता येत नाही, म्हणून त्यांची जागाच इंचभर उंचावली जाते. त्यातून आपोआप एक पायरी तयार होते आणि ती सरांच्या कमरेला मागून टेकते. पाठीच्या टेक्याचे पैसे वाया गेले, हे सरांच्या चेहऱ्यावर दिसतं. काकूंच्याही लक्षात येतं, पण त्या बोलत नाहीत.

रेक्झिन शिवताना बसायच्या जागी टीप मारायची नाही, शिलाईतून पावसाचं पाणी आत जातं आणि फोम आठवडाभर ओला राहतो. शिवण कडेनं.

ऊन उतरतंय. सर आणि काकू पुढे बुलेटवर, मी मिस्त्रीच्या स्कूटरवर मागे. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याचा रस्ता. मिस्त्री रस्त्याकडे कमी आणि सरांच्या कोपरांकडे जास्त बघतोय.

"दुमडल्यात बघा. सकाळी काठीगत ताठ हुते."

केर्लीच्या पुढे रस्ता खराब लागतो. मागचं चाक खड्ड्यात उतरून वर येतं, एकदाच. दुसरा हिसका नाही. काकूंचं डोकं जागच्या जागी. दोघं जाण्याचं ठरलंय म्हणून शॉकअब्सॉर्बरची स्प्रिंग एक घर चढवलेली आहे, एकट्यानं जाताना उतरवायची.

वाघबीळला थांबल्यावर चहा सांगायच्या आधी मिस्त्री दोन्ही चाकांच्या ड्रमवर तळहात ठेवतो. पुढचा कोमट, मागचा चटका देतो. ब्रेक घासतोय. रॉडचा नट तो थोडा सैल करतो, चाक हातानं फिरवून बघतो.

"आता पाचशे किलोमीटर चालवा आनि परत आना. आरे ताणायला लागत्यात, कोनसेट परत आवळायचा. तवर लांब जाऊ नका."

"म्हणजे गगनबावडा एवढ्यात नाही," सर खट्टू होतात.

काकू बशीत चहा ओतत विचारतात, "गगनबावडा किती लांब आहे हो?"

"पंचावन्न."

"जाऊन-येऊन एकशेदहा. मग पाचशे व्हायला साडेचार खेपा पुरेत की."