इन्सुलिनोमाचा ठावठिकाणा

रक्तातील साखर उतरली की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडणे आवरते घेतात. परंतु याच पेशींपासून उद्भवणारी इन्सुलिनोमा ही दुर्मीळ गाठ उपाशीपोटीही इन्सुलिन सोडत राहते, त्यामुळे मेंदूला साखर अपुरी पडून घाम, गोंधळ, प्रसंगी झटके येतात आणि काही रुग्णांवर वर्षानुवर्षे अपस्माराचे उपचार होत राहतात. निदान मात्र रक्तावरूनच व्हावे लागते. देखरेखीखाली ७२ तासांपर्यंत उपवास घडवून, साखर घसरलेली असतानाही इन्सुलिन चढेच राहते हे सिद्ध झाल्यावरच प्रतिमाचित्रणाकडे वळणे योग्य, कारण स्वादुपिंडात निरुपद्रवी गाठीही आढळतात आणि दिसलेली गाठ इन्सुलिन स्रवते की नाही, हे साधे स्कॅन सांगू शकत नाही.

सुमारे ९० टक्के इन्सुलिनोमा सौम्य आणि २ सेंटिमीटरपेक्षा लहान असतात. ते काढले की रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो, म्हणूनच जागा शोधण्याला एवढे मोल आहे. गाठ सापडली नाही तर स्वादुपिंडाचा शेपटाकडील भाग अंदाजाने कापण्याची जुनी रीत आज त्याज्य मानली जाते, आणि ते उचितच आहे, कारण गाठ डोक्यात, मध्यभागी वा शेपटात सारख्याच प्रमाणात आढळते.

या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असल्याने, शिरेतून दिलेले रंजकद्रव्य धमन्यांत असतानाच सी. टी. स्कॅन काढल्यास त्या उजळ दिसतात. तेथे न दिसलेली गाठ एमआरआयमध्ये किंवा जठरात उतरवलेल्या दुर्बिणीच्या टोकावरील अल्ट्रासाऊंडने अनेकदा सापडते.

सर्वांत विलक्षण पद्धत एक्झेंडिन पेट स्कॅनची आहे. आतड्यातील जीएलपी-१ हे संप्रेरक ज्या ग्राहींना चिकटून बीटा पेशींना इन्सुलिन सोडायला लावते, ते ग्राही सौम्य इन्सुलिनोमावर दाटीने असतात, आणि अमेरिकेतील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात सापडलेले एक्झेंडिन-४ त्यांनाच घट्ट चिकटते. म्हणून त्याला गॅलियम-६८ हे अल्पायुषी किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून टोचल्यास गाठ तिच्या आकाराने नव्हे, तर पेशींच्या स्वभावाने ओळखता येते. अर्थात मूत्रपिंडेही हे द्रव्य मोठ्या प्रमाणात शोषतात, त्यामुळे डाव्या मूत्रपिंडाजवळची शेपटातील गाठ झाकली जाऊ शकते. कर्करोगी इन्सुलिनोमावर हे ग्राही पुष्कळदा नसतात. तेथे सोमॅटोस्टॅटिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या ग्राहींना चिकटणारे द्रव्य अधिक उपयोगी पडते.

शस्त्रक्रियेच्या वेळी शल्यविशारद स्वादुपिंडावरच अल्ट्रासाऊंडचा प्रोब ठेवून गाठ आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका यांतील अंतर पाहतात, आणि ते पुरेसे असेल तर केवळ गाठ सोलून काढतात, अन्यथा त्या भागासह ती कापून काढावी लागते.