काचेवर गिरवलेली शीट : अभियांत्रिकीच्या वर्गातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

दोन खुर्च्यांवर आडवी ठेवलेली खिडकीची काच. खाली पेटता दिवा. काचेवर सिनिअरची तपासून सही झालेली ड्रॉइंगशीट आणि तिच्यावर सेलोटेपने चिकटवलेला कोरा कागद. खालच्या रेषा वर उमटतात, टू-एच पेन्सिल त्यांच्यावरून फिरत राहते आणि पहाटेपर्यंत षटकोनी प्रिझमचा फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू सगळे तयार होते. याला जीटी म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिकलेल्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

जीटी मारणाऱ्या मुलाला आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण रात्रभर जागून रेषा गिरवणारा मुलगा कष्टाला भिणारा नसतो. प्रिझम पायाच्या एका कोपऱ्यावर एचपीवर, म्हणजे आडव्या प्रतलावर, टेकलेला आहे आणि त्याचा अक्ष एचपीशी 45 अंशांचा कोन करतो, हे वाचून त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही, ही त्याची खरी अडचण असते. इथेच पहिला आणि सर्वांत जुना गैरसमज बसलेला आहे : हे 'दिसणे' उपजत असते. ज्याला दिसते त्याने इंजिनिअर व्हावे, ज्याला दिसत नाही त्याने दुसरी वाट धरावी.

ही समजूत चुकीची ठरून तीस वर्षे होऊन गेली. अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत शेरिल सॉर्बी शिकवत असत. बाकी विषयांत हुशार असलेल्या सॉर्बींना स्वतः विद्यार्थिनी असताना ड्रॉइंगनेच छळले होते. 1993 साली त्यांनी सहकारी बेव्हर्ली बार्टमन्स यांच्यासोबत पहिल्या वर्षाच्या मुलांची एक चाचणी घेतली. एक ठोकळा मनातल्या मनात फिरवायचा आणि फिरवल्यावर तो कसा दिसेल ते दिलेल्या आकृत्यांतून ओळखायचे. असे तीस प्रश्न. त्यात नापास होण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. पण ज्यांनी लहानपणी बांधणीचे खेळ खेळले होते किंवा शाळेत ड्रॉइंग शिकले होते, त्यांना ही चाचणी सोपी जात होती. म्हणजे फरक सवयीचा होता.

मग सॉर्बींनी कमी गुण मिळालेल्यांसाठी एक छोटा अभ्यासक्रम आखला. एकमेकांत अडकवता येणारे ठोकळे हातात द्यायचे, त्यांची रचना करायची, ती समोरून, वरून, बाजूने कागदावर हाताने काढायची, मग फिरवून पुन्हा काढायची, कापली तर काय दिसेल ते काढायचे. एवढेच. गुण वाढले, आणि हा अभ्यासक्रम केलेल्या मुली अभियांत्रिकीत टिकून राहण्याचे प्रमाणही वाढले. 2009 पासून त्या विद्यापीठात चाचणीत कमी पडणाऱ्यांना तो सक्तीचा झाला.

ठोकळ्यांना खर्च किती? आपल्याकडेही गाजर तिरके कापून सेक्शनमध्ये लंबवर्तुळ कसे येते ते दाखवणारे, साबणाच्या वडीतून प्रिझम कोरून आणायला सांगणारे शिक्षक असतात. त्यांच्या बॅचला काचेची गरज कमी पडते.

ड्रॉइंगनंतरची दहशत गणिताची. एम-वन, एम-टू आणि मग एम-थ्री. गणित ही चाळणी आहे, कच्चे गळून जातील आणि इंजिनिअर होण्याच्या लायकीचे तेवढे उरतील, असे शिक्षकच नव्हे तर पासआउट झालेले विद्यार्थीही अभिमानाने सांगतात. या चाळणीत कोण अडकतो ते मात्र नीट पाहायला हवे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला मुलगा घ्या. लेथवर त्याचा हात बसलेला असतो, वर्कशॉपमध्ये तो बारावीवरून आलेल्यांना शिकवतो. पण एम-वन, एम-टू त्याने केलेले नसते आणि आल्याआल्या पहिल्याच सेमिस्टरला लाप्लास ट्रान्सफॉर्म समोर येतो. तो नापास झाला तर त्यावरून त्याची लायकी कळत नाही. मधल्या दोन पायऱ्या कोणी बांधल्याच नाहीत, एवढेच कळते.

ओहायो राज्यातल्या राइट स्टेट युनिव्हर्सिटीने हीच गोष्ट मनावर घेतली. तिथे अभियांत्रिकीसाठी आलेल्यांपैकी जेमतेम 42 टक्के विद्यार्थी कॅल्क्युलसचे सक्तीचे टप्पे पार करत होते. उरलेले अभियांत्रिकीच्या मुख्य विषयांपर्यंत पोचतच नसत. 2004 साली नेथन क्लिंगबील आणि सहकाऱ्यांनी क्रम उलटा केला. पहिल्याच वर्षी अभियांत्रिकीचे शिक्षक गणित शिकवू लागले, तेही प्रयोगशाळेत. त्रिकोणमिती शिकायची ती रोबोच्या हाताची लांबी आणि कोन घेऊन, तो हात कुठे पोचेल ते काढत. कॉम्प्लेक्स नंबर यायचे ते एसी सर्किटबरोबर. एवढे झाले की विद्यार्थ्याला पुढचे मुख्य विषय घेता येत, आणि कॅल्क्युलसचे पारंपरिक पेपर तो नंतर, गरज कळल्यावर देई. पेपर एकही वगळला नाही, पातळी एक इंचही खाली आणली नाही. तरी पुढे टिकणाऱ्या आणि पदवी घेणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढली, आणि हा नमुना अमेरिकेतल्या इतर अनेक विद्यापीठांनी उचलला.

पातळीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण विद्यार्थ्यांना आधार द्यायचे म्हटले की लगेच शंका येते : म्हणजे पेपर सोपे काढायचे का? या शंकेला सर्वांत चांगले उत्तर बर्कलीच्या एका गणितज्ञाने देऊन ठेवले आहे.

1970 च्या दशकात यूरी ट्रायझमन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत कॅल्क्युलसच्या शिक्षकांना मदत करत होते. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम गुण मिळवत. प्राध्यापकांना कारण विचारले तर चार उत्तरे ठरलेली : जिद्द कमी, शाळेत पाया कच्चा, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, गरिबी. आपल्याकडे तालुक्याच्या गावाहून आलेल्या मुलांबद्दल स्टाफरूममध्ये जे बोलले जाते त्याहून हे फारसे वेगळे नाही. ट्रायझमन यांनी अंदाजावर विश्वास ठेवला नाही. दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडून ते जवळजवळ दीड वर्ष त्यांच्यासोबत वावरले. वाचनालयात, खोलीवर, घरी.

चारही उत्तरे चुकीची निघाली. कृष्णवर्णीय मुले कमालीची जिद्दी होती. त्यांच्या आईवडिलांनी मुलांच्या शिक्षणासाठी अपार खस्ता खाल्ल्या होत्या. सांगितले होते तेवढे तास ती इमाने अभ्यास करत होती, पण एकटी, दार लावून. चिनी मुले आधी एकट्याने अभ्यास करत आणि मग एकत्र जमत. गणित अडले की ते आपल्या एकट्यालाच अडले आहे की सगळ्यांनाच, हे त्यांना तिथे लगेच कळे. सगळ्यांना अडलेले असेल तर गणितच कठीण, एकट्याला अडले असेल तर शेजारचा सांगे. दार लावून बसलेल्या मुलाला हे कळायला मार्गच नव्हता. तो स्वतःलाच दोष देत राहिला.

ट्रायझमन यांनी जी कार्यशाळा सुरू केली ती कच्च्यांचा वर्ग म्हणून केली नाही. कच्च्यांच्या वर्गात कोणी स्वाभिमानाने येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी नेहमीच्या पुस्तकातल्यापेक्षा कठीण गणिते दिली आणि चार-पाच जणांना एकत्र बसवून ती सोडवायला लावली. त्या कार्यशाळांतले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी वर्गातल्या गोऱ्या आणि आशियाई विद्यार्थ्यांच्याही पुढे गेले. पेपर सोपा केला नव्हता, सरावाची गणिते उलट अवघड केली होती.

आपल्या वेळापत्रकात ट्युटोरियलचा तास असतोच. वीसेकांची बॅच असते, खोली असते, शिक्षक असतात. पण बहुतेक ठिकाणी त्या तासाला फळ्यावर गणित सोडवले जाते आणि मुले ते उतरवून घेतात. म्हणजे पुन्हा जीटीच, काच तेवढी नाही. त्याच तासात चौघाचौघांचे गट करून अवघड गणित पुढे टाकायला वेगळी परवानगी लागत नाही.

आता फळ्याकडे. अमुक सर काय शिकवतात, वही छापून काढावी इतके व्यवस्थित, अशी ज्यांची कीर्ती असते त्या शिक्षकांबद्दल आदर असायलाच हवा. पण नीटस व्याख्यान ऐकले म्हणजे विषय कळला, ही समजूत पुराव्यापुढे टिकत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाचे स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2014 साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र करून तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी 33.8 टक्के विद्यार्थी नापास झाले होते. मधेच थांबवून प्रश्न सोडवायला लावणाऱ्या, आपसांत चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के. शंभरांच्या वर्गात ही बारा मुले होतात. महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात जाता येत नाही. तिथे या बारा जणांचे एक अख्खे वर्ष आणि घरच्यांची त्या वर्षाची फी पणाला लागलेली असते.

गंमत म्हणजे विद्यार्थ्यांनाही हे पटत नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण पडले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांना आपल्याला खूप कळले असे वाटत होते आणि गुण मात्र कमी होते. डोक्याला ताण पडणे म्हणजे न कळणे, असा समज त्यामागे असतो. म्हणून वर्ग बदलू पाहणाऱ्या शिक्षकाने पहिल्याच दिवशी मुलांना हे सांगून ठेवावे, आणि सत्राअखेरचे विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म वाचताना प्राचार्यांनीही ते लक्षात ठेवावे. नाहीतर चांगला प्रयोग करणाऱ्यालाच कमी शेरा मिळतो.

प्रोजेक्ट हा शेवटच्या वर्षाचा विषय आहे, हा समज आता थोडा मागे पडतो आहे, पण पुरता गेलेला नाही. तयार प्रोजेक्ट विकत देणाऱ्या दुकानांचा धंदा त्याच्यावरच चालतो. डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठात 1974 साली स्थापना झाल्यापासून विद्यार्थी जवळजवळ प्रत्येक सेमिस्टरला गटाने एक खरी समस्या घेऊन काम करतात, आणि त्यांचा निम्मा वेळ त्यातच जातो. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र उपक्रमाने इतर महाविद्यालयांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभ्या करायला मदत केली. उन्नत महाराष्ट्र अभियानातून अभियांत्रिकीचे विद्यार्थी गावात जाऊन पाणीपुरवठ्याच्या योजना आणि जलसंधारणाची कामे प्रत्यक्ष मोजू लागले. गावच्या टाकीत पाणी का चढत नाही हे शोधायला गेलेल्या मुलाला फ्लुइड मेकॅनिक्सचा हेड लॉस पुन्हा पाठ करावा लागत नाही.

इंग्रजी कच्चे म्हणून अभियांत्रिकी जमत नाही, हेही सर्रास ऐकू येते. कळणे आणि इंग्रजीत मांडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2021-22 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून पदवी अभ्यासक्रमांना परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेची 60 जागांची मराठी तुकडी सुरू झाली. ज्यांना इंग्रजीतूनच शिकायचे आहे त्यांच्याही वर्गात 'टॉर्क' हा शब्द तसाच ठेवून तो घट्ट बसलेल्या नटाच्या आणि लांब दांड्याच्या पान्याच्या उदाहरणाने मराठीत समजावला, तर परीक्षेतले इंग्रजी उत्तर बिघडत नाही.

उरला प्रश्न नियमांचा. कागदावर काही नाही, असे म्हणता येणार नाही. 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात परिषदेने पदवीचे सुमारे 220 क्रेडिट 160 वर आणले, म्हणजे मुलांना विचार करायला वेळ मोकळा केला. सुरुवातीला तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम सुचवला, त्यात खेळ, कला, छोट्या गटांतल्या गप्पा, मार्गदर्शक शिक्षकाची ओळख. नव्या शिक्षकांसाठी अध्यापनाचे आठ भागांचे प्रशिक्षणही आहे, कारण एम.टेक. किंवा पीएच.डी. झाली म्हणजे शिकवता येतेच, हा आणखी एक गैरसमज. जिथे हा इंडक्शन तीन दिवसांच्या भाषणांत उरकला जातो आणि मोकळे झालेले तास जर्नल पुरी करण्यात जातात, तिथे नियम असून उपयोग होत नाही.

प्रवेशाच्या कॅप राउंडचे ऑप्शन फॉर्म भरताना घरोघरी एकच विचारणा असते : प्लेसमेंट किती, पॅकेज किती? पालकांनी आणि मुलांनी या वर्षी आणखी चार गोष्टी विचाराव्यात. पहिल्या वर्षाचे गणित कोण शिकवते? ट्युटोरियलच्या तासाला मुले स्वतः काय करतात? डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्यांसाठी गणिताची वेगळी तयारी घेतली जाते का? एटीकेटी लागलेल्या मुलाला बोलावून कोणी बसवून घेते का? आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा पाच मिनिटे ड्रॉइंग हॉलमध्ये जरूर डोकवा. टेबलांवर ठोकळे दिसतात की नुसत्या शीट, ते पाहा.