भूत बंगल्याचं तिकीट: हौसेचं भेव आणि खरं भेव

पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेला गेला असाल, किंवा वाशिमला आनंद मेळा लागलेला पाहिला असेल, तर जत्रेतला 'भूत बंगला' तुम्हाला सांगायला नको. पत्र्याचा मंडप, काळं कापड, बाहेर कवटीचं चित्र आणि भोंग्यावर किंकाळ्या. लोक स्वतःच्या खिशातले पैसे देऊन आत जातात, आत ओरडतात आणि हसत बाहेर येतात. ज्याला आपण वऱ्हाडीत 'भेव' म्हणतो, ते एरवी कोणालाच नको असतं. मग इथे त्यासाठी रांग का लागते?

मी पीएचडीसाठी भावनांवर काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. सोयीसाठी आपण या भीतीला 'हौसेचं भेव' म्हणू.

प्रयोगशाळेत माणसाला खरंखुरं घाबरवणं अवघड असतं, आणि ते योग्य आहे का हाही प्रश्न असतोच. भूत बंगल्यात मात्र माणूस आपल्या पायांनी चालत येतो. अमेरिका-युरोपात 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनच्या सुमारास असे बंगले जागोजागी उघडतात आणि संशोधकांचं काम सोपं होतं. डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठाच्या गटाने तेच केलं. एका भूत बंगल्यात त्यांनी 110 जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली, आत कॅमेरे बसवले, आणि बाहेर आल्यावर विचारलं: किती घाबरलात? किती मजा आली? हा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला.

उत्तर मोठं गमतीचं निघालं. भीती अगदी कमी, तर मजा कमी. भीती वाढली तशी मजाही वाढली, पण एका टप्प्यापर्यंतच. त्यापुढे भीती वाढत गेली आणि मजा उतरत गेली. आलेख काढला तर उलट्या कढईसारखा दिसतो. ठोक्यांचंही तसंच: नेहमीच्या लयीत थोडीशी चलबिचल झाली तेव्हा मजा, फारच उलथापालथ झाली तेव्हा नाही. भाजीतल्या तिखटासारखं समजा. तर्री हवी, पण डोळ्यांतून पाणी येऊन जेवणच थांबलं तर काय उपयोग!

आता पुढचा प्रश्न: हे तिखट कमी-जास्त कोण करतं? बंगलेवाला करतोच, पण तुम्हीही करता. याच गटाने 2019 मध्ये 280 प्रेक्षकांचा अभ्यास छापला होता. काहींनी ठरवलं होतं की होईल तेवढं घाबरायचं. काहींनी ठरवलं की घाबरायचंच नाही. दुसऱ्या प्रकारचे लोक डोळे मिटतात, मित्राचा दंड धरतात, 'हे खोटं आहे' असं मनाशी घोकतात. पहिले नेमकं उलटं करतात. समाधान मात्र दोघांना जवळपास सारखंच मिळालं. म्हणजे 'तू भित्रा आहेस' म्हणून मित्राला चिडवण्यात अर्थ नाही. तो त्याच्या भीतीचा नळ त्याच्या हाताने फिरवतोय, इतकंच.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या भूत बंगल्यात 262 जणांवर झालेल्या आणखी एका अभ्यासात बऱ्याच जणांची मनःस्थिती बाहेर आल्यावर सुधारलेली दिसली. आधी थकलेले, कंटाळलेले किंवा ताणात असलेले लोक यात पुढे होते.

हे वाचून 'भूत बंगला तब्येतीला चांगला' असं व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या आधी थांबा. या अभ्यासांतले लोक कोण होते? स्वतःच्या मर्जीने आलेले! ज्याला आत जायचंच नव्हतं, तो या आकड्यांत नाही. आपल्या जत्रेत मात्र तो हमखास दिसतो: पाचसहा वर्षांचं लेकरू, दारात पाय रोवून रडतंय, आणि काका दंड धरून म्हणतोय, 'चाल, काही होत नाही, भेव निघून जाईन.' या लेकराच्या हातात नळ नाही. 'हे खोटं आहे' असं मनाशी म्हणून स्वतःला सावरणं मोठ्यांना जमतं. एवढ्या लहान वयात खरं-खोटं अजून पक्कं वेगळं झालेलं नसतं. त्याच्यासाठी आतला सांगाडा सांगाडाच असतो. काकाने तिकीट काढलं हौसेच्या भेवाचं, पण लेकराला मिळालं खरं भेव.

हा फरक लेकरांपुरता नाही. भूत बंगल्यात तीन गोष्टी तुमच्या हातात असतात: जायचं की नाही, हे खोटं आहे याची जाणीव, आणि बाहेरचा रस्ता. या तिन्ही काढून घेतल्या की तेच भूत छळाचं साधन होतं. 'अंगात भूत शिरलंय' म्हणून एखाद्या बाईला बांधून मारलं जातं, तेव्हा तिला यातलं काहीच उरलेलं नसतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे; शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. भुताच्या गोष्टी सांगायला, 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूला घाबरायला कायद्याची काहीच हरकत नाही. माणसाच्या हातातून त्याची भीती हिसकावून घेण्याला आहे.

आणि बाहेरचा रस्ता म्हणजे शब्दशः रस्तासुद्धा. 11 मे 1984 रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये 'हाँटेड कॅसल' नावाच्या भूत बंगल्याला आग लागली आणि आत अडकलेली आठ तरुण मुलं दगावली. अंधार, चिंचोळी वाट आणि पटकन पेट घेणारं साहित्य ही कोणत्याही भूत बंगल्याची रचनाच असते.

तेव्हा पुढच्या जत्रेत तिकीट काढण्याआधी एवढं करा. बाहेर पडायचं दार कुठे आहे ते विचारा, आणि ते उघडं आहे ना ते बघा. वायरी लोंबकळत असतील तर दुसऱ्या खेळाकडे वळा. लेकराला आधी सांगा की आत रंग लावलेले दादा आणि पुतळे आहेत, आणि मग विचारा, 'यायचं का?' नाही म्हणालं तर दोघं मिळून आकाशपाळण्यात बसा. हो म्हणालं तर त्याचा हात धरा, आणि मधेच 'चला बाहेर' म्हणालं तर त्याच पावली परत फिरा. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्या.