पानिपतचा खुराक

मराठी भाषेत 'पानिपत' हे केवळ एका गावाचे नाव राहिलेले नाही. निवडणुकीत एखाद्या पक्षाची धूळधाण उडाली, परीक्षेत कोणी सपशेल आपटला, की 'पानिपत झाले' असे म्हणण्याचा प्रघात आहे. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर वसलेल्या त्या शहरातील माणसांना मात्र आपल्या गावाच्या नावाला दक्षिणेत असा अर्थ आला आहे याची फारशी कल्पना नसते. त्यांच्या लेखी पानिपत म्हणजे हातमाग, चादरी, सतरंज्या आणि लोणचे. अलीकडे त्यात एका गोष्टीची भर पडली आहे, ती भाल्याची.

७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांत नीरज चोप्रा याने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविले. त्याचे खंडरा हे गाव पानिपत जिल्ह्यातले. त्या सायंकाळी गावात मोठ्या पडद्यासमोर लोक दाटीने बसले होते. निकाल लागताच ढोल वाजले, लाडू वाटले गेले. तीन वर्षांनी, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसची अंतिम फेरी भारतात मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झाली, तेव्हाही गाव जागे होते. या वेळी ८९.४५ मीटर फेक होऊनही पदक रौप्य ठरले. सुवर्ण पाकिस्तानच्या अर्शद नदीमने नेले. नीरजच्या मातोश्रींनी, सुवर्ण जिंकणाराही आपलाच मुलगा आहे, असे सांगितले. ज्या भूमीवर सीमेपलीकडून आलेल्या सैन्याशी अनेकदा झुंजावे लागले, तेथील एका गृहिणीच्या तोंडून हे उद्गार निघावेत, ही गोष्ट लहान नव्हे.

सामन्याच्या दिवसांत पानिपतच्या गल्लीबोळांत काय खाल्ले जाते, याचे उत्तर तसे सोपे आहे. हलवायाच्या कढईत आटणारे दूध, पितळी पेल्यातली लस्सी, भटुरे-छोले आणि जिलेबी. जवळच्या गोहाना गावची जिलेबी तर एकेक पाव किलो वजनाची. तुपात तळलेली ही जिलेबी एकट्याने संपविण्याची नसते. ती तोडून वाटावी लागते, आणि म्हणूनच विजयाच्या दिवशी ती शोभून दिसते. भाकरीबरोबर येते ते पचरंगा लोणचे. कैरी, लिंबू, आवळा, करवंद, हरभरा अशा अनेक जिनसा राईच्या तेलात मुरवून केलेले हे लोणचे आज पानिपतची ओळख आहे. पण ही कला येथे रुजली ती १९४७ च्या फाळणीत पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांमुळे. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांनी बरोबर आणता येण्याजोगी एकच मालमत्ता आणली, ती हाताची चव.

परंतु या सर्व पदार्थांत मानाचे स्थान आहे ते चूरम्याचे. गव्हाची किंवा बाजरीची जाड भाकरी गरम असतानाच हाताने कुस्करावी, तीत भरपूर तूप आणि गूळ घालावा, की चूरमा झाला. मराठी माणसाला हा पदार्थ परका वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे त्यालाच मलिदा म्हणतात. टोकियोहून परतल्यावर पंतप्रधानांच्या भेटीत नीरजपुढे चूरमा ठेवण्यात आला होता. पुढे २०२४ च्या जुलैत पुन्हा बोलणे झाले, तेव्हा तो दिल्लीचा साखरेचा चूरमा होता, आता गावचा तूप-गुळाचा खाऊ घालीन, असे त्याने सांगितले. साखर आणि गूळ यांतला हा भेद स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसालाच समजतो. त्याच वर्षी आईच्या हातचा चूरमा पंतप्रधानांपर्यंत पोहोचला, आणि त्यांनी त्या माउलीला आभाराचे पत्र लिहिले.

आता इतिहासाकडे वळले पाहिजे; कारण पानिपत आणि अन्न यांचा संबंध मराठी मनाला वेगळ्याच अर्थाने जिव्हारी लागलेला आहे. १७६० च्या नोव्हेंबरपासून सदाशिवरावभाऊंची छावणी पानिपतला होती. सैनिकांबरोबर बायकामुले, यात्रेकरू, बाजारबुणगे अशी मोठी संख्या होती. अब्दालीने रसदेचे मार्ग रोखले. रसद जमविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. धान्य संपले, जनावरांचा चारा संपला. दोन दिवस पोटात अन्न नाही, तेव्हा उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे सरदारांनी आणि शिपायांनी भाऊंना विनविल्याचे त्या काळच्या काशीराजाच्या वृत्तान्तात आले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य रणात उतरले ते अशा स्थितीत. पराभवाची कारणे अनेक असतील. पण पोट हे त्यांतले एक होते, यात संशय नाही.

याच पानिपत शहरात आज एक क्रीडांगण आहे, आणि त्याचे नाव शिवाजी स्टेडियम. नीरज चोप्रा भाल्याकडे वळला तो येथेच. तो येथे कसा आला, याची हकिकत मोठी मार्मिक आहे. एकत्र कुटुंबातले हे लाडके पोर. घरात दूध, साय, तूप, चूरमा यांची रेलचेल. परिणामी बालवयातच अंग इतके सुटले की गावची मुले चिडवू लागली. वजन उतरावे म्हणून वडीलधाऱ्यांनी त्याला व्यायामाला धाडले. मैदानावर जयवीर चौधरी भाला फेकीत होते. मुलाने तो सहज हाती घेतला आणि तो दूर गेला. ज्या गावी अन्न न मिळाल्याने एक सैन्य खचले, त्याच गावी अन्न जास्त झाल्यामुळे एका मुलाला त्याचे आयुष्य सापडले. नीरज ज्या रोड समाजातला, त्या समाजात आपण पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत अशी भावना आहे. इतिहासकारांचे याबाबत एकमत नाही. पण तो वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी शिवछत्रपतींच्या नावाच्या मैदानाने घातलेली ही सांगड मराठी मनाला हलविल्यावाचून राहात नाही.

'खुराक' हा शब्द हरियाणात आणि कोल्हापुरात सारखाच चालतो. आखाड्यातला हरियाणवी मल्ल दूध, तूप आणि बदाम यांवर पोसला जातो. कोल्हापूरच्या तालमीत त्याबरोबर मटण आणि बदाम, खसखस, बडीशेप, मिरे वाटून केलेली थंडाई असते. पण दोन्हीकडे खरा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे खुराकाचा खर्च सोसणार कोण? राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले. त्यांच्या काळी उत्तर दरबारने दिले. १९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला जाऊन कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा उत्तर गावकऱ्यांच्या वर्गणीने आणि गुरुजनांच्या त्यागाने दिले होते. आज उत्तर बहुधा घराने द्यायचे असते. कुठे म्हैस विकली जाते, कुठे जमिनीचा तुकडा गहाण पडतो. आणि पदक आल्यावर मात्र लाडू वाटायला सारा गाव पुढे होतो.

२०१७ मध्ये जागतिक युवा मुष्टियुद्ध स्पर्धेत पदके जिंकणाऱ्या हरियाणाच्या मुलींना राज्याच्या मंत्र्यांनी दूध पिऊन बळकट व्हावे म्हणून प्रत्येकी एक गाय देण्याचे जाहीर केले होते. काही महिन्यांनी, गाय दूध देत नाही म्हणून त्यांतील काही जणींनी ती परत केल्याची बातमी आली. हसू यावे अशी ही गोष्ट आहे, पण तिच्या पोटात गांभीर्य आहे. हरियाणा हा दूधदह्याचा देश; काळीभोर, वळलेल्या शिंगांची मुऱ्हा म्हैस ही त्याची शान. देशात माणशी रोज सुमारे अर्धा किलो दूध उपलब्ध होते, तर हरियाणात एक किलोहून अधिक. असे असूनही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ६० टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची उणीव, म्हणजे पंडुरोग, आढळून आला. दुधात लोह फारच थोडे असते, हे याचे एक कारण. दुसरे कारण घराच्या ताटांत शोधावे लागते: उत्तम ते कोणाच्या पानात पडते आणि उरलेले कोणाच्या? चूरमा कुस्करणारे हात आणि तो खाणारे तोंड ही नेहमी एकाच माणसाची नसतात.

म्हणून सामन्याच्या रात्रीचा जल्लोष पाहताना त्यामागचा हा हिशेब ध्यानात ठेवणे इष्ट आहे. जिलेबी वाटणे सोपे असते, कारण ती विजयानंतर वाटायची असते. विजयापूर्वीची दहा वर्षे, रोज सकाळचा पेलाभर दूध, मूठभर बदाम, भाज्या-डाळींनी भरलेले ताट, आणि ते मुलाइतकेच मुलीलाही, ही रसद पुरवीत राहणे अवघड असते. अडीचशे वर्षांपूर्वी पानिपतावर रसद तुटली, आणि शौर्य असूनही एक पिढी कापली गेली. भाला हातात येण्यापूर्वी ताटात अन्न यावे लागते, एवढा धडा त्या जुन्या रणांगणाने आणि या नव्या क्रीडांगणाने सारखाच दिला आहे.